देल्फिनाची हरवलेली दुपार

१६ नोव्हेंबर १९९८, सोमवार

आज देल्फिना पुन्हा गेली. उठून नाही गेली. कोचावरच आडवी होती, बूट खाली नीट जोडून ठेवलेले, हात पोटावर. पण बोलता बोलता आवाज सपाट झाला आणि मग बंदच पडला. मी तिच्या डोक्यामागे माझ्या खुर्चीत बसून वाट पाहिली. किती वेळ, ते पाहायचं राहिलं. वहीत ‘धक्क्याच्या फळ्या तापलेल्या’ एवढंच लिहिलेलं होतं आणि त्यापुढे पानाच्या कडेपर्यंत ओढली गेलेली रेघ. घड्याळ पाहिलं तर सेशनची चारच मिनिटं उरली होती.

अडीच वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा, आणि गाडी त्याच फळ्यांवर अडते. वैताग आला आहे. आमच्या या चार गल्ल्यांत दर दुसऱ्या दारावर मनोविश्लेषकाची पाटी आहे, त्यातल्या कुणाला तरी हे जमलं असतं, असं हल्ली रोज मनात येतं.

तिची गोष्ट तशी चार ओळींत मावते. वय एक्केचाळीस, दातांच्या कवळ्या बनवते, हात अत्यंत नेटका. चौसष्ट सालच्या जानेवारीत हे कुटुंब ब्यूनोस आयर्सजवळ तिग्रेच्या नदीतल्या एका बेटावर उन्हाळ्याच्या सुट्टीला गेलं होतं. बाप शहरात कामावर, आई असुंता आणि दोन मुलं बेटावरच्या घरात. ही सात वर्षांची, भाऊ एमिलियो पाच वर्षांचा. दुपारी सगळे झोपलेले असताना एमिलियो घरासमोरच्या लाकडी धक्क्यावरून नदीत पडला आणि बुडाला. आई म्हणते, तू झोपली होतीस. पस्तीस वर्षं तेच म्हणते. आणि देल्फिनाच्या तळपायांना मात्र तापलेल्या फळ्या आठवतात.

लहान मुलाला जे झेपत नाही मन त्याचा एक तुकडा पाडतं आणि बाजूला ठेवून देतं. मग मोठेपणी त्या तुकड्याजवळ कुणी गेलं की माणूस जागच्या जागी नाहीसा होतो. हे मी विद्यार्थ्यांना पंधरा वर्षं शिकवते आहे. शिकवायला सोपं आहे.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिने नवीनच सुरू केलं. पुन्हा ती फळ्यांपाशी आली, पुन्हा ती शांतता, आणि मग तिचा आवाज: “डॉक्टर, तुमचं पेन थांबलं.”

मी नेहमीच्या पद्धतीने विचारलं, की इथून कुणीतरी निघून जाईल असं तुम्हाला वाटतंय का, ही भीती मुळात कुणाबद्दलची असेल.

“मी भीतीचं बोलत नाहीये,” ती म्हणाली. “पेनाचं बोलतेय.”

रुग्ण आपल्या मनात जे सोसत नाही ते आमच्या पदरात टाकतो, हे तर आमचं रोजचं जेवण. जाते ती, आणि म्हणते मी गेले. मी तसं जरा मऊ शब्दांत सांगितलं. जाताना दारात नेहमीसारखा गालाला गाल लावला नाही, नुसता हात हलवला.

२५ नोव्हेंबर, बुधवार

क्राउझेंकडे गेले होते. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. अवघड रुग्ण असला की अजूनही निम्मं शहर त्यांच्याकडे सल्ल्याला जातं. मी वीस वर्षं जाते. माझ्या वयाच्या बाईला ‘पोरी’ म्हणणारे आता तेवढेच उरलेत.

मी सगळं वाचून दाखवलं. ते बिस्किट कॉफीत बुडवत ऐकत होते. ऐकत होते की नाही, हल्ली शंका येते. शेवटी एवढंच विचारलं, “ती जाते तेव्हा तू काय करतेस, पोरी?”

“वाट पाहते.”

“किती वेळ?”

मी म्हटलं, मोजून नाही पाहिलं. त्यावर त्यांनी मान हलवून दुसरं बिस्किट घेतलं. शहरात ट्राम धावायच्या तेव्हापासूनचा अनुभव गाठीशी, आणि सल्ला हा. रिकाम्या हाताने परत आले आणि येताना दोन स्टॉप पुढे उतरले. उन्हामुळे.

२९ नोव्हेंबर, रविवार

महिन्याची एकोणतीस तारीख, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे घरी न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. माझ्या नवऱ्याने, ओस्वाल्दोने, बटाटे सोलून, मळून, वळून सगळं दिलं होतं, मला फक्त उकळत्या पाण्यात सोडून काढायचे होते. त्यांचा लगदा झाला. ओस्वाल्दो म्हणतो, तू सिंकपाशी नळ सोडून उभी होतीस, तीनदा हाक मारली.

“रुग्णाचा विचार करत होते,” मी म्हटलं.

“कोणता रुग्ण? नोएमी?”

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाने नदीचे उगम शोधावेत, माझे नाही. मी ताट सरकवून उठले. नोएमी माझी धाकटी बहीण. सत्त्याहत्तरमध्ये, लष्करी राजवटीत, ती माझ्या घरी लपून राहिली होती आणि तिथूनच तिला उचलून नेलं. परत आली नाही. मी तेव्हा आंघोळ करत होते, शॉवर चालू होता, मला काही ऐकू आलं नाही. हे मी त्याच आठवड्यात आईला सांगितलं आणि नंतर अकरा वर्षं स्वतः कोचावर पडून सांगितलं. ते प्रकरण पुरतं संपलेलं आहे. ज्याला स्वतःच्या बायकोचं एवढं काम दिसत नाही त्याने लगदा खावा.

त्याने खाल्ला. वर म्हणाला, चव चांगली आहे.

१० डिसेंबर, गुरुवार

देल्फिनाची आई दवाखान्यात आहे. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात दोन-तीन महिने.

आज ती गेली नाही, पूर्ण पन्नास मिनिटं लख्ख जागी होती. म्हणाली, आई जायच्या आत मला तिला विचारायचंय. पण काय विचारू? मी विचारलं तर ती म्हणेल तू झोपली होतीस. आणि तिने तसं म्हटलं की मला ते खरंच वाटायला लागतं. तळपायांचं खोटं वाटायला लागतं. मला माझं माहीत असल्याशिवाय मी तिच्यासमोर उभी राहू शकत नाही.

“मला वेडी ठरून मरायचं नाही, डॉक्टर. निदान त्या एका दुपारपुरतं तरी माझं खरं होतं की नाही, हे कळू दे.”

म्हणजे आता मुदत पडली. विश्लेषणाला मुदत घालायची नसते, ते मी तिला सांगितलं नाही. मलाही घाई झाली आहे. ही एक केस तरी माझ्या हातून पार पडावी.

२१ डिसेंबर, सोमवार

भांडण झालं. त्याला भांडण म्हणायचं नसतं, पण भांडणच.

एमिलियोची सँडल धक्क्यावर पडलेली होती, एकच, असं ती सांगत होती. ही गोष्ट नवी. मग गप्प झाली, आणि मग एकदम उठून बसली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कोचावरून कुणी असं वळत नाही. म्हणाली, मी तीन वेळा विचारलं, पुढे सांगू का म्हणून. तुम्ही उत्तर दिलं नाही. तुमचे डोळे उघडे होते.

मी शांतपणे सांगितलं, की तुम्ही सांगत होतात आणि ऐकणारं कुणी नव्हतं, असा एक फार जुना प्रसंग तुम्ही आता माझ्यासोबत पुन्हा उभा करताय. मला मनापासून तसं वाटतं. आणि विश्लेषण म्हणून ते सुरेख आहे, क्राउझेंनाही आवडेल.

मग तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं आणि ती म्हणाली, “माफ करा. माझंच काहीतरी होत असणार.” आणि परत आडवी झाली.

प्रगती आहे. पहिल्यांदाच तिने ते स्वतःकडे घेतलं. तरी दिवसभर मला बरं वाटलं नाही. ती सँडल कोणत्या पायाची, हे विचारायचं राहून गेलं.

१४ जानेवारी १९९९, गुरुवार

छत्तीस अंश. दुपारी वीज गेली, पंखा बंद. तीन रुग्णांनी स्वप्नं सांगितली, तिन्हींत समुद्र होता. सगळ्या शहराला फेब्रुवारीची उन्हाळी सुट्टी लागायच्या आत काय काय उरकायचं असतं. देल्फिना दोन्ही सेशनला आली आणि दाताच्या सिमेंटबद्दल बोलली. बाकी लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच भयंकर आहे.

२८ जानेवारी, गुरुवार

सुट्टीआधीचं शेवटचं सेशन. नीट लिहून ठेवायला हवं.

ती आली, आडवी झाली. म्हणाली, कालपासून पाय ओले झाल्यासारखे वाटतायत. मग बोलायला लागली, पण तिच्या नेहमीच्या आवाजात नाही, बारीक आणि भरभर. दुपार. पडदे ओढलेले. एमिलियोला झोप येत नव्हती, त्याने तिला उठवलं, दोघं बाहेर गेले. आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं होतं, त्याच्याकडे लक्ष ठेव. फळ्या. पाण्याचा आवाज. आणि मग

इथे वही थांबते.

त्यानंतर मला आठवतं ते हे: ती कोचाच्या कडेला बसली होती, चेहरा ओला, बूट हातात. म्हणत होती, “...आणि मी एवढंच म्हणाले होते. एवढंच.” मग माझ्याकडे वळून, “ऐकलंत ना तुम्ही?”

मी हो म्हटलं.

“तोंडातून गेलं आणि गेलंच बघा. आत्ता विचाराल तर शब्द सांगता यायचे नाहीत. पण तुमच्याकडे आहेत. लिहून घेतलेत ना?”

मी हो म्हटलं.

तिने मला मिठी मारली. तेही आमच्यात चालत नाही, पण शेवटचा दिवस होता. हसली. अडीच वर्षांत मी तिचे खालचे दात पाहिले नव्हते.

मला दुपारी एका पीचवर भागवायला नको होतं. रक्तदाब खाली गेला असणार. शिवाय आमच्या कामात शब्द न् शब्द टिपायचा नसतोच, कान मोकळा सोडायचा असतो. ती बोलली, हे महत्त्वाचं. शब्द पुन्हा येतील. मार्चमध्ये येतील.

मी दोनदा हो का म्हटलं, हे कळत नाही. नाही म्हणायला एक क्षण लागला असता.

९ फेब्रुवारी, मंगळवार. समुद्रकाठी

सकाळी फोन. मी दारासमोरच वाळूत होते, ओस्वाल्दोने घेतला. देल्फिना. आईचं फार वाढलंय, आज-उद्या तिच्याशी बोलायचं ठरवलंय, त्याआधी दहा मिनिटं डॉक्टर फोनवर मिळतील का, फक्त ते त्या दिवशीचं मला एकदा वाचून दाखवतील का.

मी ओस्वाल्दोला सांगितलं, की तिला म्हण, एक मार्चला भेटू. तो रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी समजावलं, की सुट्टी हा उपचाराचाच भाग आहे. विश्लेषक नसताना आपण मोडत नाही हे रुग्णाला कळावं लागतं. एकीला सूट दिली की सगळ्याचा आकार बिघडतो. हे सगळं खरं आहे. कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

त्याने फोनवर सांगितलं आणि ठेवला. मग छत्री उघडत म्हणाला, “आख्ख्या ब्यूनोस आयर्सने फेब्रुवारीत मरायचं नाही असा ठराव झालाय वाटतं.”

दिवसभर एकही शब्द बोलले नाही त्याच्याशी. काय वाचून दाखवणार होते मी तिला?

१ मार्च, सोमवार

देल्फिनाची आई असुंता सतरा फेब्रुवारीला गेली.

देल्फिना काळे कपडे घालून आली नव्हती; निळा झगा, केस कापलेले. आडवी झाली आणि ओळीने सांगितलं, जसं काही कुणाला पत्ता सांगते आहे.

नऊ तारखेलाच, माझ्याकडून नकार आल्यावर, ती दवाखान्यात गेली. आईला म्हणाली, मी धक्क्यावर होते. आई म्हणाली, तू झोपली होतीस. तेव्हा ही म्हणाली, मी माझ्या डॉक्टरला सगळं सांगितलंय. ती ऐकत होती. तिने लिहून ठेवलंय.

“आणि डॉक्टर, आई गप्प झाली. दुसऱ्या कुणाला माहीत आहे म्हटल्यावर तिचा जोरच गेला. मग म्हणाली, पाणी दे. पाणी प्यायली आणि सांगितलं.”

असुंताने सांगितलं ते असं. तिने मुलीला भावाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं आणि टेबलावर डोकं टेकून पेंगत होती. देल्फिना ओल्या पायांनी आत आली. काहीतरी म्हणाली. आई म्हणाली, गोष्टी रचू नकोस, जा, जाऊन पड. देल्फिना गेली आणि पडली, आणि खरंच झोपली. तासाभराने शेजारचा नावाडी एमिलियोला घेऊन आला. म्हणून आई जन्मभर म्हणत आली, तू झोपली होतीस. खोटं नव्हतंच ते.

“मी विचारलं, आई, मी काय म्हणाले होते? तर म्हणाली, ते मी ऐकलंच नाही ग. मी झोपेत होते. काहीतरी म्हणालीस, एवढंच.”

मग ती थांबली. मी गेले नाही. मी पूर्णवेळ तिथे होते, आणि ते फार वाईट होतं.

“तर आता ते फक्त तुमच्याकडे आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी ते जसंच्या तसं म्हटलं होतं. मला आठवत नाही, मी त्या आवाजात होते. ‘तो पडला’ म्हणाले असेन, तर मी वेळेवर सांगितलं होतं. ‘तो बोलत नाही’ म्हणाले असेन, तर तो शांत होईपर्यंत मी नुसती उभी राहून बघत होते. दोन्ही सोसेन. पण कोणतं ते सांगा.”

मी म्हटलं, गुरुवारी. वही घरी आहे म्हटलं. वही माझ्या मांडीवर होती.

३ मार्च, बुधवार

दोन दिवस झोप धड नाही, भूक नाही, ओस्वाल्दोवर उगीच खेकसते आहे. राग नेमका कुणाचा येतोय तेही ठरत नाही. आधी देल्फिनाचा आला: माणसाने आपली एवढी मोठी गोष्ट एकदाच सांगून विसरून जावी? मग उन्हाचा, पीचचा, फेब्रुवारीचा. आता उरले मी.

आज सकाळी ठरवलं. आमच्यात एक मान्य पद्धत आहे: रुग्णाची आठवण तुटक असेल तर विश्लेषक हाती आलेल्या तुकड्यांवरून राहिलेला भाग उभा करून देतो. त्यात लबाडी नाही. अडीच वर्षांचे तुकडे माझ्याकडे आहेत. तिच्या भल्यासाठीच मी ते शब्द तिला देईन. बसून लिहून काढलं. हात थांबला नाही, एका दमात आलं, मला वाटलं आता खरंच सापडलं:

‘त्याने तुमचं नाव घेऊन हाक मारली. एकदाच. तुम्ही दाराआड उभ्या होतात, हात कडीवर. पाणी वाहत होतं, म्हणून ऐकू आलं नाही असं तुम्ही नंतर सांगितलंत. पण ऐकू आलं होतं. तुम्ही सात वर्षांच्या होतात, बाहेर जाऊन तुम्ही काही करू शकला नसतात. दोघंही गेला असतात. त्यानंतर तुम्ही आईला सांगितलंत: मला काही ऐकू आलं नाही.’

खात्री करून घ्यावी म्हणून क्राउझेंना फोन केला. वहीतली रेघ, दोनदा म्हटलेलं हो, सगळं सांगून टाकलं आणि मग हे वाचून दाखवलं. पलीकडे बिस्किट मोडल्याचा आवाज आला.

“अडीच वर्षं तुझ्याकडून हा धक्का ऐकतोय, पोरी,” ते म्हणाले. “त्याला दार कधी बसवलं?”

मी फोन आपटला. म्हातारा बहिरा झालाय, भ्रमिष्ट झालाय, सगळं मनात म्हणून झालं. मग कागद पुन्हा वाचला.

दार माझं आहे. कडी माझ्या जुन्या घरातल्या बाथरूमची, पितळेची. पाणी शॉवरचं. एकवीस वर्षं मी सांगत आले की ऐकू आलं नाही, आणि आज स्वतःच्या अक्षरात, दुसरीच्या नावाने, लिहून काढलं की आलं होतं. हे मी त्या बाईला तिची आठवण म्हणून देणार होते. तिने ती घेतलीही असती. आयुष्यभर सांभाळली असती, तिचा हात नेटका आहे.

मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

४ मार्च, गुरुवार

ती आडवी झाली तशी मी बोलले. आमच्यात पहिलं वाक्य रुग्णाचं असतं, पण आज ते माझं होतं. मी सांगितलं, माझ्याकडे ते शब्द नाहीत. मी ऐकले नाहीत. तुम्ही बोललात तेव्हा मी इथे नव्हते, मी खुर्चीत होते पण नव्हते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. आणि मी नव्हते ते फक्त त्या दिवशीच नाही. पेन थांबलं होतं. डिसेंबरात तुम्ही तीनदा विचारलं होतंत, मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. तुमचं काही होत नव्हतं. जे होत होतं ते माझं.

छताकडे पाहत ती किती वेळ पडून होती. आज मी घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं.

“आईला मी सांगितलं, तिने ऐकलं नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही. आणि माझी मी तर तिथे नव्हतेच.”

“हो.”

“आई मरताना तरी म्हणाली, मी झोपेत होते. तुम्ही मला माफी मागायला लावलीत.”

मी हो म्हटलं. या वेळचं खरं होतं.

तिने बूट घातले, नाड्या बांधायला वेळ घेतला आणि गेली. उरलेली तीस मिनिटं मी तिथेच बसून राहिले. तिची वेळ होती ती, दुसऱ्या कशाला वापरणं बरं दिसलं नसतं.

घरी आल्यावर ओस्वाल्दोला कागद वाचायला दिला. त्याने चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला, आणि म्हणाला, मला वाटत होतं. किती वर्षं वाटत होतं, ते मी विचारलं नाही.

८ मार्च, सोमवार

आली नाही. फोन नाही. तिच्या वेळात मी दुसरं काही केलं नाही. ती पुन्हा आली नाही तर तिचं बरोबरच असेल, आणि तरी मला ती यायला हवी आहे. एका रुग्णाकडून इतकं मागायचं नसतं.

११ मार्च, गुरुवार

बेल वाजली. देल्फिना.

कोचाकडे गेली नाही. भिंतीजवळची पाहुण्यांची खुर्ची उचलून माझ्यासमोर आणून ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. वही बंद करायला सांगितली.

“मी पहिल्यापासून सांगणार आहे. शेवटचं वाक्य येईल की नाही, माहीत नाही. पण माझ्याकडे बघत राहायचं. तुम्ही गेलात की मी थांबणार. तुम्ही आलात की पुढे.”

तिने सुरुवात केली. दुपार, ओढलेले पडदे, एमिलियोने तिच्या कानात फुंकर मारून तिला उठवलं होतं. हे मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. दोघं बाहेर आले. आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं.

मी एकदा गेले. परत आले तेव्हा ती हात मांडीवर ठेवून शांत बसली होती, माझ्याकडे पाहत, जराही न रागावता. मी मान हलवली, तिने पुढे सांगितलं. फळ्या तापलेल्या होत्या म्हणून दोघं उड्या मारत चालत होते. एमिलियोची डाव्या पायाची सँडल निसटली, तो ती घ्यायला वाकला. खाली पाणी फळ्यांवर आपटत होतं.

मी पुन्हा गेले. या वेळी परत यायला वेळ लागला असावा, कारण तिने पुढे वाकून माझ्या मनगटावर हात ठेवला होता.

“कुठे गेला होतात?” तिने विचारलं.

पंचवीस वर्षांच्या कामात रुग्णाच्या असल्या प्रश्नाला मी एकदाही सरळ उत्तर दिलेलं नाही.

“बहिणीकडे,” मी म्हणाले. “ती दारापलीकडून हाक मारत होती.”

देल्फिनाने मान हलवली. ती वाट पाहत होती, मला नीट बसायला वेळ देत होती.

“बरं,” ती म्हणाली. “आता इकडे या. तो वाकलाय.”

मी खुर्ची पुढे ओढली, आणि तिने पुढे सांगायला घेतलं.